उत्तर कोण वाचणार?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या जवळ, नॉरिसटाउन नावाचे गाव आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काउंटीने शाळकरी मुलांना अंमली पदार्थांपासून वाचवण्याची एक योजना आखली. तिचे नाव होते 'क्रिटिकल पीरियड ऑफ इंटरव्हेन्शन'. आठवीच्या मुलांना प्रश्नावली द्यायची, उत्तरांवरून पुढेमागे नशेच्या वाटेला कोण लागण्याचा संभव आहे ते हुडकायचे आणि अशा मुलांवर आधीच उपाय सुरू करायचे, अशी ती कल्पना. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. व्हिएतनामच्या युद्धाची ती वर्षे होती आणि हेरॉइनची धास्ती मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचली होती.

प्रश्नावलीत काय होते ते पाहिले की मात्र अंगावर काटा येतो. तुझा धर्म कोणता, वंश कोणता, घरात कोण कोण राहते, आईवडलांपैकी कोणी घरात नसेल तर का नाही. लहानपणी झोपताना आईवडील तुला जवळ घेऊन पापा घेत असत का, हाही एक प्रश्न होता. वर्गातल्या कोणत्या मुलांचे वागणे अमुक वर्णनात बसते, हेही मुलांनीच सांगायचे होते. कागद निनावी नव्हता. निघालेली माहिती शाळेचे अधिकारी, समुपदेशक, खेळाचे प्रशिक्षक, इतकेच काय पालक-शिक्षक संघाच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत जाण्याची सोय योजनेत होती. पालकांकडे पत्र जायचे होते, आणि हरकत कळवली नाही तर संमती आहे असे धरून चालायचे ठरले होते.

एक आई न्यायालयात गेली. मग योजनेत बदल होऊन पालकांची लेखी संमती आली. मुलाला विचारण्याचे मात्र तेव्हाही कोणाला सुचले नाही. १९७३ साली केंद्रीय न्यायालयाने योजनेला मनाई केली. कुटुंबाच्या खासगी आयुष्याचा भंग हे मुख्य कारण. पण निकालातल्या दोन गोष्टी मला त्याहून मोलाच्या वाटतात. गोपनीयतेचे आश्वासन शाळेने कितीही मनापासून दिले, तरी उद्या कोणी न्यायालयाचा हुकूम आणून ते कागद मागितले तर शाळा काय करणार, हा पहिला मुद्दा. आणि जो मुलगा प्रश्नावली भरायला नकार देईल त्याच्याकडे त्याच्याच वर्गातली मुले कोणत्या नजरेने पाहतील, हा दुसरा.

मी संख्याशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा विद्यार्थी नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, उमेदीची वर्षे सहकारी बँकेच्या काउंटरमागे गेली. रोज शेकडो लोकांकडून अर्ज भरून घेताना एक गोष्ट दिसत असे, की माणूस रकान्यात काय लिहितो ते पलीकडे कोण उभा आहे त्यावर ठरते. उत्पन्नाचा रकाना कर्जाच्या अर्जावर एक सांगतो आणि रेशनकार्डाच्या अर्जावर दुसरेच. तेव्हापासून मला भरलेल्या अर्जांपेक्षा कोऱ्या अर्जांचे वेड लागले. गेली बारा-पंधरा वर्षे मी जगभरच्या शाळांत मुलांपुढे ठेवल्या गेलेल्या प्रश्नावल्या मिळतील तशा जमवतो. त्यांचा इतिहास म्हणजे वाढत्या कुतूहलाचा इतिहास, असे पुस्तकांत लिहिलेले असते. माझ्या वाचनातून वेगळे चित्र उभे राहते. प्रश्न तसे फारसे बदललेच नाहीत. बदलत गेली ती 'तुझे उत्तर कोण वाचणार' या शंकेला द्यायच्या जबाबाची रीत.

सुरुवात शंभर वर्षे मागून होते. बोस्टनमध्ये जी. स्टॅन्ली हॉल यांनी १८८०च्या सुमाराला शाळेत नव्याने आलेल्या मुलांना काय काय ठाऊक आहे ते विचारले आणि १८८३ साली निष्कर्ष छापले. शंभरातल्या ऐंशी मुलांना मधमाशांचे पोळे माहीत नव्हते. त्याआधी बर्लिनमध्ये अशीच चौकशी झाली होती, तिच्यावरून हॉलना ही कल्पना आली. बालवाडीच्या शिक्षिकांनी मुलांना लहान लहान गटांत बाजूला घेऊन विचारले होते. पोळे पाहिले नाही हे सांगण्यात मुलाची लाज जात नाही, त्यामुळे शंकेचा प्रश्नच नव्हता. पुढे हॉल आणि त्यांच्या शिष्यांनी भीती, राग, बाहुल्या अशा विषयांवर प्रश्नावल्यांचा पाऊसच पाडला, पण तो बराचसा मोठ्यांकडून मुलांविषयी ऐकण्याचा प्रकार होता.

खरी अडचण सुरू झाली ती मुलांना लपवण्यासारखे विचारले जाऊ लागले तेव्हा. नॉरिसटाउनच्या निकालानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, मिशिगन विद्यापीठाने बारावीच्या मुलांची 'मॉनिटरिंग द फ्यूचर' ही पाहणी सुरू केली. सिगारेट, दारू, गांजा यांविषयी दरवर्षी तेच प्रश्न. तिच्याकडे पाहिले की नॉरिसटाउनशी असलेला फरक ध्यानात येतो. इथे कोणाला हुडकायचे नव्हते. एका मुलाचे काय झाले याच्याशी पाहणीला कर्तव्य नाही, देशातल्या मुलांचे काय चालले आहे ते कळले की झाले. त्याच विचाराने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९० साली नववी ते बारावीच्या मुलांची 'यूथ रिस्क बिहेव्हियर' पाहणी काढली. १९९१ पासून ती एकाआड एक वर्षी होत आली आहे.

या दुसऱ्या पाहणीची कोरी प्रश्नावली माझ्या आवडीची. वरवर अगदी रुक्ष. पण वाचता वाचता एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. साध्या अर्जात 'नाही असल्यास प्रश्न क्र. ४० वर जा' असे लिहिलेले असते. इथे तसे कुठेच नाही. ज्या मुलीने सिगारेटला कधी हात लावला नाही, तिलाही पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'मी सिगारेट ओढत नाही' या पर्यायावर खूण करत जावे लागते. कंटाळवाणे वाटते, पण कारण पक्के आहे. उड्या मारायची सोय दिली, तर सज्जन मुले दहा मिनिटांत पाने उलटून मोकळी होतील आणि जो अजून मान खाली घालून खुणा करतो आहे तो कोण, हे शेजारच्या बाकावरून कळेल. सगळ्यांची पेन्सिल सारखाच वेळ चालली पाहिजे. बाके लांब लांब ठेवायची, शिक्षकाने वर्गात फेऱ्या न मारता पुढेच थांबायचे, भरलेले कागद मुलांनी स्वतः नेऊन टाकायचे, हे सगळे त्याच जातीचे नियम. काळाची मर्यादाही अशीच विचारपूर्वक घातलेली असते. 'गेल्या ३० दिवसांत' असे विचारले तर मूल दिवस मोजते. 'तू पितोस का' असे विचारले तर ते स्वतःच्या चारित्र्याचा निवाडा करू लागते आणि तो निवाडा अर्थातच स्वतःच्या बाजूने लागतो.

शाळेतल्या अनुभवांच्या पाहणीचा उगम मात्र अमेरिकेत नाही, नॉर्वेत आहे, आणि तो दुःखद आहे. १९८२च्या अखेरीला उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वयाच्या तीन मुलांनी आयुष्य संपवले. बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचे संभाव्य कारण होते. देश हादरला. बर्गेनचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांच्याकडे सरकार गेले आणि १९८३ साली देशभरच्या शाळांतून प्रश्नावली फिरली. सुमारे १५ टक्के मुले या प्रकारात, छळ सोसणारी किंवा छळ करणारी म्हणून, गुंतलेली निघाली.

ओल्व्हेयस यांनी केलेली युक्ती पुढे जगभर उचलली गेली. त्यांनी प्रश्नाआधी व्याख्या घातली. पुन्हा पुन्हा केलेला त्रास, आणि ज्याला होतो तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, अशी परिस्थिती. बरोबरीच्या दोघांची मारामारी यात धरायची नाही, हेही मुलांना सांगायचे. कारण एका शब्दाने दहा मुले दहा गोष्टी समजतात. २००२ साली चौदा देशांतल्या संशोधकांनी काड्यांच्या माणसांची पंचवीस चित्रे मुलांपुढे ठेवून आपापल्या भाषेतला शब्द कोणत्या चित्राला लागू पडतो ते तपासले, तर लहान मुलांची आणि चौदा वर्षांच्या मुलांचीही समजूत एक नव्हती आणि भाषांभाषांतलीही नव्हती. मराठीत तर पंचाईतच आहे. दादागिरी म्हटले की हाणामारी डोळ्यांपुढे येते, चिडवणे फारच मवाळ, छळ हा सासुरवासाचा शब्द, रॅगिंग कॉलेजच्या वसतिगृहाचे. आणि पोराने तक्रार केली तर मोठ्यांच्या तोंडी जो शब्द हमखास येतो तो 'मस्करी'. एका शब्दाने काम होत नसेल तर व्याख्या वाचून दाखवावी लागते. वाचून दाखवण्याइतका वेळ आपल्या शाळा देतील का, हा पुढचा भाग.

ओल्व्हेयस यांचे हे प्रश्न युरोपच्या मोठ्या पाहणीतही गेले. इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वे इथल्या संशोधकांनी १९८२ साली तिची जुळवाजुळव केली, जागतिक आरोग्य संघटनेने तिला जवळ केले आणि आज ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांना दर चार वर्षांनी चाळीसहून अधिक देशांत ती विचारली जाते. तिच्यातला एकच तपशील सांगतो. घरची सांपत्तिक स्थिती कळायला हवी, पण अकरा वर्षांच्या मुलाला बापाचा पगार ठाऊक नसतो. ठाऊक असला तरी सांगू नये असे घरून बजावलेले असते. म्हणून ही पाहणी विचारते: घरात मोटार आहे का, तुला स्वतःची झोपायची खोली आहे का, संगणक किती, सुटीत परदेशी गेला होतास का. पुढे त्यात स्नानगृहांची संख्या आणि भांडी धुण्याचे यंत्रही आले. मुलाला डोळ्यांनी दिसते तेवढेच विचारायचे. आपल्याकडे स्वतःच्या खोलीचा प्रश्न विचारला तर दादर-परळच्या चाळीत वाढलेले सुखवस्तू घरही गरिबांत मोजले जाईल, हे ओघाने आलेच.

अमेरिकेत १९९१ साली राजकारण आडवे आले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांना किशोरवयीन मुलांच्या लैंगिक वर्तनाच्या मोठ्या पाहणीसाठी सरकारी निधी मंजूर झाला होता. एड्सचे दिवस होते, माहितीची गरज तातडीची होती. पण पुराणमतवाद्यांनी गदारोळ केला आणि आरोग्यमंत्री लुई सलिव्हन यांनी काही आठवड्यांतच तो निधी काढून घेतला. दोन वर्षांनी संसदेनेच किशोरांच्या एकूण आरोग्याचा अभ्यास करण्याचा आदेश कायद्यात घातला, आणि त्याच विद्यापीठातून 'ॲड हेल्थ' उभी राहिली. १९९४-९५ मध्ये ९० हजारांवर मुलांनी शाळेत प्रश्नावली भरली, त्यांतून निवडलेल्या सुमारे २० हजार जणांच्या घरी जाऊन मुलाखती झाल्या. नाजूक प्रश्नांच्या वेळी मुलाखत घेणारा गप्प बसे. मुलाच्या कानाला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप. प्रश्न त्याच्या एकट्याच्या कानात, उत्तर त्याच्या एकट्याच्या बोटाखाली. आई स्वयंपाकघरातून कान देऊन असली तरी तिला ऐकू येणार ते फक्त कळफलकाची टिकटिक.

याने फरक पडतो का? १९९५ साली किशोरवयीन मुलग्यांच्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत हेच जाणूनबुजून तपासले गेले. काहींना कागद दिला, काहींना हेडफोन. कधीतरी दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आला, असे कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितले होते. हेडफोन लावलेल्यांत हा आकडा ५.५ टक्के होता. प्रश्न तोच, देश तोच, साल तेच. हे १९९८ साली 'सायन्स'मध्ये छापून आले.

पण गुप्ततेची दुसरी बाजू आहे आणि ती गमतीची आहे. नाव नाही, शिक्षक बघत नाहीत, म्हटल्यावर काही पोरांना चेव येतो. 'ॲड हेल्थ'च्या शाळेतल्या प्रश्नावलीत कृत्रिम हात किंवा पाय वापरतो असे ठोकून देणारी अडीचशेच्या आसपास मुले घरच्या मुलाखतीत पुन्हा सापडली. पाहतात तो सगळ्यांचे हातपाय धडधाकट. खरोखरच कृत्रिम अवयव असलेली बोटांवर मोजण्याइतकीच. यात हसण्यासारखे आहे तेवढेच गंभीरही आहे. समजा, हजार मुलांत एखाद्या अल्पसंख्य गटातली खरी वीस मुले आहेत आणि आणखी वीस खोडकरांनी त्याच चौकटीत खूण केली. हेच खोडकर पुढे दारू, मारामारी, सगळ्यालाच 'हो' म्हणून मोकळे होतात, आणि अहवालात त्या बिचाऱ्या वीस जणांच्या गटावर बदफैलीपणाचा शिक्का बसतो. जोसेफ रॉबिन्सन-सिम्पियन यांनी २०१४ साली नेमके हे दाखवून दिले. युरोपच्या व्यसनविषयक पाहणीने यावर तोड काढली ती एखाद्या खवट मास्तरासारखी. मादक पदार्थांच्या यादीत 'रेलेव्हिन' नावाचा एक पदार्थ घुसवला. असा पदार्थ जगात नाही. जो 'घेतला आहे' म्हणेल त्याच्या बाकीच्या उत्तरांकडे जरा जपून पाहायचे.

आता पालक. १९९९ साली न्यू जर्सीतल्या रिजवुड गावी सातवी ते बारावीच्या मुलांना १५६ प्रश्नांची एक निनावी प्रश्नावली दिली गेली. व्यसने, लैंगिक संबंध, आत्महत्येचे विचार, घरातले नाते, सगळे तिच्यात होते. पालक न्यायालयात गेले. खटला २००५ पर्यंत चालला आणि शाळेच्या बाजूने निकाल लागला, कारण उत्तरे निनावी होती आणि केवळ एकूण आकडेच बाहेर आले होते. तोवर राज्याने २००२ सालीच असा कायदा केला होता की पालकांची लेखी संमती असल्याशिवाय असे प्रश्न विचारायचे नाहीत. कायदा ऐकायला न्याय्य वाटतो. पण सही करून फॉर्म परत आणणारे मूल कोणते असते? ज्याच्या घरी दप्तर रोज तपासले जाते ते. ज्याच्या घरात वाईट चालले आहे त्याचा फॉर्म दप्तराच्या तळाशी चुरगळून राहतो. ज्याच्यासाठी पाहणी काढली तेच मूल तिच्यातून गळते. मी या वादात सरळ कोणाच्या बाजूला उभा राहू शकत नाही. नॉरिसटाउनची आई बरोबरच होती, आणि तरीही मारहाण करणाऱ्या बापाच्या सहीवाचून मुलाला मारहाणीबद्दल विचारता येऊ नये, हे मला पटत नाही.

पालकांची आणखी एक भीती असते, की आत्महत्येचे नाव काढले तर मुलाच्या डोक्यात ते शिरेल. ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ मुलांवर तिची परीक्षा झाली. निम्म्यांना पहिल्या दिवशी आत्महत्येविषयी विचारले, निम्म्यांना नाही, आणि दोन दिवसांनी सगळ्यांनाच. विचारलेली मुले जास्त अस्वस्थ झाली नव्हती. ज्यांना आधीपासून नैराश्य होते किंवा ज्यांनी पूर्वी तसा प्रयत्न केला होता, ती तर विचारल्यावर काहीशी हलकी झालेली दिसली. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी पुण्याचा एक अभ्यास छापून आला. रुक्मिणी पोतदार आणि मायकेल कोएनिग यांनी १८ ते २२ वयाच्या मुलग्यांना लैंगिक वर्तनाविषयी विचारताना ती हेडफोनची रीत पुण्यात आजमावली. काही कॉलेजचे विद्यार्थी, काही झोपडवस्तीतले. कॉलेजच्या मुलांनी यंत्रापुढे जास्त कबुली दिली. वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत तसे घडले नाही. मला याचे नवल वाटत नाही. ज्याने संगणक रोज पाहिला त्याला तो मुका वाटतो. ज्याने तो साहेबाच्या टेबलावरच पाहिला, त्याला समोर बसलेला, आपल्या बोलीत बोलणारा माणूस अधिक भरवशाचा वाटला असेल. बोस्टनची युक्ती पुण्यात चालेलच असे नाही, इतकेच काय कर्वे रस्त्यावरची पलीकडच्या वस्तीत चालेल असेही नाही.

कर्वे म्हटल्यावर र. धों. आठवणे अपरिहार्य आहे. १९२७ साली निघालेल्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचक आपल्या शंका विचारत आणि ते छापील उत्तरे देत. समोरासमोर जे विचारण्याची छाती झाली नसती ते लोक पोस्टाने विचारत होते. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला, बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, आणि तरी दंड झाला. सुमारे सात दशकांनंतर, २००७ साली, शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात पुन्हा तेच वादळ उठले आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

गंमत अशी, की नेमक्या त्याच सुमाराला मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल मिळून महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या पन्नास हजारांवर तरुणतरुणींच्या मुलाखती घेत होत्या. ही पाहणी शाळेतली नव्हे, घराघरातली. पण तिच्यातली एक युक्ती मला हेडफोनइतकीच थोर वाटते. विवाहपूर्व संबंधांविषयी तोंडी विचारून झाल्यावर, मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड हातात द्यायचे. त्यावर एकच खूण करायची, हो किंवा नाही, आणि आपल्याच हाताने पाकिटात घालून चिकटवून टाकायचे. लिहिता न येणाऱ्यालाही खूण करता येते. तोंडी 'नाही' म्हणालेल्यांपैकी काहींनी पाकिटात 'हो' केले.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी अशीच एक 'निनावी' प्रश्नावली वाटली गेली तेव्हा मी हजर होतो. तास संपला, वर्गशिक्षकांनी हजेरीच्या क्रमाने एकेकाला उभे करून कागद गोळा केले आणि टेबलाशी उभे राहून वरचे दोन-चार चाळलेही. मुलांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. वह्या गोळा करण्याची तीच पद्धत त्यांना ठाऊक होती. त्या कागदांवरचे आकडे पुढे कुठल्या तरी तक्त्यात गेले असतील.

२०२२ साली एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांची मानसिक आरोग्याची पाहणी केली. आपल्याकडे इतक्या मोठ्या संख्येने मुलांना त्यांच्या मनाविषयी विचारले गेले, याचे मोल मी कमी लेखत नाही. ८१ टक्के मुलांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. गोपनीयतेसाठी, असे अहवाल सांगतो, नावाचा रकाना ऐच्छिक ठेवला होता. नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहिल्यावाचून जिथे मुलाला कोणी कागद पुढे सरकवू देत नाही, त्या वर्गात 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ सहावीतल्या मुलाने काय घ्यायचा? तो रकाना छापायलाच नको होता.